हेदवी ते पूर्णगड

लिलावात माझ्याशिवाय कुणी बोली लावली नाही.
एकोणीस हजार, चारही टायर गुळगुळीत.
लाल पट्ट्यावर निळ्या ऑइलपेंटचे दोन हात मारले,
तरी उन्हात तिरकं पाहिलं की
उलटी अक्षरं वर येतात,
ओहोटीला खडक उघडे पडतात तशी.
स्ट्रेचर काढलं, फळी टाकली, वर गोधडी.
सलाइनच्या हुकाला टॉवेल आणि पिशवीत सहा कांदे.
स्टोव्ह, तांदूळ, सोड्यांची बरणी.
बहीण म्हणाली, ह्यात झोपणार तू? ह्यात?

तवसाळच्या जेट्टीवर लोक सवयीने बाजूला झाले.
दोन रिक्षा, एक टेम्पो, रिकाम्या पेट्या घेतलेला पोरगा.
एकीने आत डोकावून विचारलं,
"कोन हाय रं आत?"
कुणी नाही. मीच.
इक्बाल मुकादम तिकिटांचं पुस्तक घेऊन आला.
चौदा वर्षांत त्याने माझ्याकडून पैसा घेतला नव्हता,
सुटलेली बोट माझ्यासाठी मागे आणली होती,
दोनदा.
आज मीच नोट पुढे केली.
तिकीट त्याने हळू फाडलं.
गाडी एक. माणूस एक.
ते मी खिशात नाही, चष्म्याच्या डबीत ठेवलं.

जयगडचा चढ दुसऱ्या गिअरात.
ह्या रस्त्याची वळणं मला पाठ आहेत, पण कानांनी:
इथे मागे कुणी विव्हळायचं,
इथे ऑक्सिजनची टाकी खडखडायची,
मालगुंडच्या अलीकडे नातेवाईक नवस बोलायचे.
एक म्हातारा मोरीचा कठडा चुन्याने रंगवत होता.
थांबलो. गंगाराम घाणेकर.
दर दिवाळीआधी रंगवतो म्हणाला, कुणी सांगितलेलं नाही.
म्हणाला, तुमची गाडी गेली की मी हात जोडायचो.
मला ते कधी दिसलं नव्हतं.

मनोरमा पाष्टे, वय एकाहत्तर, छातीत दुखणे:
लॉगबुकात एवढंच आहे.
आरे-वारेच्या वळणावर मधल्या खिडकीतून तिने विचारलं होतं,
"समुद्र दिसतोय काय रे?"
मी म्हटलं, दिसतोय.
नजर रस्त्यावर. काटा सत्तरवर.
आज त्याच वळणाला गाडी कडेला घेतली,
मागे जाऊन फळीवर उताणा पडलो, तिच्यासारखा.
नाही दिसत.
काचा अर्ध्यापर्यंत दुधी,
वरच्या अर्ध्यात आभाळ आणि विजेची एक तार.
मागचं दार ढकललं तेव्हा कुठे
पायाच्या दोन अंगठ्यांमधे
बोटभर समुद्र.
बराच वेळ अंगठे जुळवले नाहीत.

रत्नागिरीत हाताने आपणहून सिव्हिलकडचा सिग्नल दिला.
मागचा रिक्षावाला शिवी देऊन गेला, बरोबरच दिली.
सिग्नल टिकटिकत राहिला
आणि मी सरळ,
भाट्याच्या पुलावर.
पुलापलीकडे ही गाडी कधी गेली नव्हती.
खाली खाडी, एक होडी, होडीत
पाण्याकडे पाठ करून भाकरी खाणारा माणूस.

पूर्णगडला सोड्यांचा भात खालून लागला.
गोधडीत शिरलो, झोप येईना.
इतकी वर्षं अर्धीच झोप झोपलो,
दाराकडे एक कान ठेवून.
उरलेली अर्धी कशी झोपतात, कुणाला विचारावं?

पहाटे थाप पडली.
मी उठून, पायात चपला नसताना, किल्ली हातात घेऊन उभा.
मुळ्यांची टोपली घेतलेली बाई.
"पावसला जातेय काय गाडी?"
पावस मागे राहिलं, मला पुढे जायचं होतं.
सोडतो म्हटलं. चहा होऊ दे.
ती मागच्या पायरीवर टेकली.
कुठे दुखतंय, हे ओठांवर आलं होतं.
साखर किती, विचारलं.
"घाल भरपूर."